गाठीला नाव कोण देणार?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अहवाल ज्यांनी चाळला असेल, त्यांच्या नजरेतून एक तपशील सुटला नसेल. २०१२ ते २०१६ या काळातील नोंदींवर आधारलेल्या त्या अहवालात पुरुषांमधील कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ इतके, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. सर्वांत कमी, ३९.५, आढळले ते उस्मानाबाद व बीड या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित नोंदणीत. उस्मानाबाद म्हणजे २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव या नावाने ओळखला जाणारा जिल्हा. या आकड्याने समाधान वाटून घ्यावे, की अस्वस्थ व्हावे?

या भागातील नोंदणीचे काम ढिसाळ आहे असे म्हणण्यास जागा नाही. ग्रामीण भागातील कर्करोगाची देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदवही १९८७ साली शेजारच्या बार्शीत सुरू झाली आणि तिच्या कक्षेत बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुकेही होते. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आदींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या नोंदवहीचे कार्यकर्ते रुग्णालयात बसून रुग्णांची वाट पाहत नसत. गावोगाव फिरून, लोकांशी बोलून, संशयित रुग्ण हुडकून काढत. तेव्हा येथील प्रमाण शहरांपेक्षा कमी आहे हे बऱ्याच अंशी खरेच असणार. परंतु नोंदवहीत रोग चढतो तो त्याला नाव मिळाल्यावर. ज्या गाठीला नाव मिळाले नाही ती मोजली जात नाही, आणि जी मोजली जात नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. प्रौढांच्या तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाला नाव देणे तुलनेने सोपे असते. लहान मुलांच्या गाठींचे तसे नाही. त्यांना नाव देण्याची विद्या ही मुख्यतः रंगांची विद्या आहे, आणि ती विद्या गरिबाच्या मुलापर्यंत कोणी व कशी पोहोचवावयाची, हा प्रश्न वैद्यकाचा असण्यापेक्षा राज्यकारभाराचा अधिक आहे.

शरीरातून काढलेला गाठीचा तुकडा मुळात जवळजवळ रंगहीन असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काचपट्टीवर घेतल्यावरही सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही दिसत नाही. दिसू लागते ते रंगविल्यानंतर. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या खोडापासून मिळणारे हेमॅटॉक्सिलिन पेशीच्या केंद्राला निळा रंग देते. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाच्या डांबरापासून सुरू झालेल्या रंगउद्योगाने दिलेले इओसिन बाकीचा भाग गुलाबी करते. ही निळ्या-गुलाबी रंगांची जोडी गेली शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या विकृतिशास्त्राचा पाया आहे, आणि बहुसंख्य गाठींचे निदान तिच्यावरच होते.

बालकांच्या अनेक गाठींपुढे मात्र ही जोडी थबकते. युइंग सार्कोमा हाडात उगवतो, न्यूरोब्लास्टोमा बहुधा मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा स्नायूंशी नाते सांगतो, आणि लिंफोमा हा रसग्रंथींतील पेशींचा कर्करोग आहे. हे चारही रोग वेगळे, त्यांची औषधे वेगळी, त्यांचे भवितव्य वेगळे. पण नेहमीच्या रंगात चौघांचे रूप बरेचसे एकच दिसते, लहान, गोल, निळ्या पेशींची दाटी. निष्णात डॉक्टरांच्या डोळ्यांनाही येथे चकवा बसतो. लिंफोमाच्या एका प्रकाराला शस्त्रक्रिया नको असते, दोन वर्षांहून अधिक काळ रक्ताच्या कर्करोगासारखी औषधे द्यावी लागतात. युइंग सार्कोमाला औषधांबरोबर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार आवश्यक ठरतो. तान्ह्या मुलांमधील काही न्यूरोब्लास्टोमा तर फारशा उपचारांविना आपोआप ओसरतात. चुकीचे नाव म्हणजे चुकीचे विष, असा हा सरळ हिशेब आहे.

या चकव्यातून वाट काढली ती प्रतिपिंडांच्या साह्याने केलेल्या रंजनाने. डॉक्टर ज्याला ‘आय.एच.सी.’ म्हणतात ती हीच पद्धत. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडावयाचे. ते जेथे चिकटतील तेथे तपकिरी रंग उमटेल अशी योजना करावयाची. स्नायूच्या पेशींचे डेस्मिन आणि मायोजेनिन रंगले, तर संशय ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाकडे वळतो. पेशीच्या आवरणावर सी.डी. ९९ ठळकपणे उमटले, तर युइंग सार्कोमाकडे. सिनॅप्टोफायझिन रंगले, तर मज्जापेशींशी नाते असलेल्या गाठीकडे. मात्र एकाच रंगावर विसंबून चालत नाही. लिंफोब्लास्टिक लिंफोमातही सी.डी. ९९ रंगू शकते, आणि लिंफोमाची नेहमीची खूण असलेले सी.डी. ४५ तेथे कधी कधी उमटतच नाही. अशा वेळी टी.डी.टी. हा आणखी एक प्रतिपिंड वापरला नाही, तर लिंफोमाच्या मुलाला हाडाच्या कर्करोगाचा उपचार मिळण्याचा धोका असतो. म्हणूनच प्रतिपिंडांचा पूर्ण संच लागतो, एखादी बाटली नव्हे. आणि काही वेळा त्याच्याही पुढे जाऊन जनुकीय तपासणी करावी लागते.

या विद्येचा इतिहास समाजवादी विचारांच्या वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडाने ऊतकातील पदार्थ शोधता येतो हे अल्बर्ट कून्स यांनी १९४१ च्या सुमारास दाखविले. परंतु हव्या त्या एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती १९७५ साली सेझार मिल्स्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांनी केंब्रिजमध्ये शोधून काढली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे संशोधन ब्रिटिश जनतेच्या करातून चालणाऱ्या प्रयोगशाळेत झाले होते आणि मूळ युक्तीचे पेटंट घेतलेच गेले नाही. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेले ज्ञान सर्वांसाठी खुले राहिले. त्यावर उभा राहिलेला बाजार मात्र खुला राहिला नाही. आज हेच प्रतिपिंड थेंबांच्या हिशेबाने विकले जातात आणि त्यांचे मोल ऊसतोड मजुराच्या मजुरीशी कोठेही जुळत नाही.

आता ही विद्या धाराशिवच्या वाटेने चालवून पाहावी. कळंब किंवा वाशी तालुक्यातील एखादे जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडावयास गेले आहे आणि त्यांच्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या मांडीत गाठ वाढते आहे, अशी कल्पना करावी. प्रथम ती खेळताना लागलेल्या माराची सूज समजली जाते. मग शेक, लेप, एखादे इंजेक्शन. हंगाम संपून गावी परतल्यावर तालुक्याचा डॉक्टर तिला पुढे पाठवितो. कोठे तरी गाठीचा तुकडा काढला जातो. या क्षणी त्या मुलीचे अर्धे भवितव्य ठरते, आणि ते ठरविणारी वस्तू फॉर्मॅलिनची बाटली असते.

हे अतिशयोक्त वाटेल. पण विकृतिशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारून पाहावे. तुकडा काढताच तो दहा टक्के तीव्रतेच्या, आम्लता नियंत्रित केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात बुडाला पाहिजे. तो मिठाच्या पाण्यात ठेवला, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पेशी काही तासांतच विरघळू लागतात. मोठी गाठ न चिरता तशीच अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबली, तर बाहेरचा थर टिकतो आणि मधला भाग सडतो. फॉर्मॅलिन न पातळ करता वापरले, किंवा बरणी पंधरा दिवस कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिली, तर प्रतिपिंडांना ओळखावयाची प्रथिने झाकली जातात; मग मुंबईतील उत्तमातील उत्तम प्रयोगशाळाही हतबल होते. रंग मुंबईत उमटत असला, तरी तो उमटेल की नाही याचा निर्णय पुष्कळदा तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहातील पहिल्या अर्ध्या तासात होऊन गेलेला असतो. दुसऱ्यांदा तुकडा काढणे म्हणजे मुलाला पुन्हा भूल, पुन्हा जखम, पुन्हा खर्च आणि पुन्हा काही आठवड्यांचा विलंब. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला इतके आठवडे देणे परवडणारे नसते.

यापुढचा अडथळा पैशाचा आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ पासूनची केंद्राची आयुष्मान भारत योजना यांमुळे गरीब कुटुंबाला कर्करोगाच्या उपचारासाठी आधार मिळू लागला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या योजनांचा कणा दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचाराचे पॅकेज हा आहे. पॅकेज मंजूर होण्यासाठी रोगाचे नाव लागते. नाव मिळण्यासाठी तपासण्या लागतात. आणि त्या तपासण्यांचा मोठा भाग रुग्ण दाखल होण्याच्या आधीचा असतो. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा खर्च धरला आहे. ज्या गाठीचे नाव ठरावयास आठवडे लागतात, तिच्या बाबतीत या ३ दिवसांचा उपयोग तो काय? दरवाजा उघडा आहे, पण उंबऱ्यापर्यंतचा रस्ता रुग्णाने स्वतःच्या खर्चाने बांधावा, असा हा प्रकार झाला. जो बाप शेळी विकून किंवा पुढच्या हंगामाची उचल आताच घेऊन हा रस्ता बांधू शकत नाही, त्याचे मूल योजनेच्या आकडेवारीत नाकारलेले म्हणून दिसत नाही. कारण ते योजनेपर्यंत पोहोचलेलेच नसते.

हे काम बाजारावर सोपवावे, खासगी प्रयोगशाळांची नमुने गोळा करणारी केंद्रे आता जिल्ह्याच्या गावीही निघाली आहेत, असा युक्तिवाद केला जातो. अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमांकडे पाहिले तरी तो टिकत नाही. जागतिक पातळीवर चौदा वर्षांपर्यंतच्या १० लाख मुलांमागे वर्षाला सुमारे १४० कर्करोग आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. त्यातील मुलांचा वाटा लक्षात घेता वर्षाकाठी काही डझन मुले, आणि त्यांतही रक्ताचे कर्करोग वगळता त्याहून कमी. प्रतिपिंडाच्या बाटलीला मुदत असते. वीस-पंचवीस प्रकारच्या बाटल्या आणून ठेवावयाच्या आणि निम्म्या न वापरता फेकून द्यावयाच्या, हा धंदा कोणताही व्यापारी करणार नाही. केलाच तर फेकलेल्या बाटल्यांची किंमतही रुग्णाच्याच बिलात घालील. स्थिर खर्च मोठा आणि मागणी विरळ अशी जी सेवा असते, तिची मागणी एकत्र करून नियोजनपूर्वक भागविणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. येथे नियोजन ही भाबडी श्रद्धा नव्हे, ती काटकसर आहे.

तात्पर्य, प्रत्येक जिल्ह्यात आय.एच.सी.ची प्रयोगशाळा काढा, अशी मागणी करण्याचे कारण नाही. मागणी याहून साधी आणि म्हणूनच टाळण्यास कठीण आहे. मेणात बसविलेला ऊतकाचा ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, साध्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो. तो काडेपेटीहून लहान असतो आणि टपालानेही जाऊ शकतो. तेव्हा प्रवास मुलाने का करावा? ठोकळ्याने करावा. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विकृतिशास्त्र विभागाचे काम विद्यार्थ्यांना काचपट्ट्या दाखविण्यापुरते न राहता, जिल्ह्यातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहाला योग्य फॉर्मॅलिन पुरविणे, परिचारिका व तंत्रज्ञ यांना तुकडा हाताळण्याचे शिक्षण देणे, उत्तम ठोकळा तयार करणे आणि पहिला निळा-गुलाबी अहवाल ठरलेल्या मुदतीत देणे, असे असावे. बालकांच्या संशयित गाठींचे ठोकळे तेथून मराठवाड्यासाठी ठरविलेल्या एकाच सार्वजनिक प्रयोगशाळेकडे जावेत. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय या कामी स्वाभाविक केंद्र ठरू शकते. अवघड ठोकळे तेथून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जावेत. त्याच्या पुढाकाराने २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग ग्रिड अशाच सहकार्यासाठी आहे. रक्ताचे नमुने सरकारी केंद्रांतून गोळा करून मोफत तपासण्याची व्यवस्था राज्यात आहेच. त्याच वाटेने मेणाचे ठोकळे का जाऊ नयेत?

याच्या जोडीला दोन नियम हवेत. पहिला, आरोग्य योजनेचे संरक्षण निदान झाल्याच्या दिवसापासून नव्हे, तर डॉक्टरने संशय व्यक्त केल्याच्या दिवसापासून सुरू व्हावे, आणि त्यात आय.एच.सी.चा पूर्ण संच व पालकांचा प्रवासखर्च धरावा. दुसरा, ठोकळा आणि काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मागितल्यावर विनाविलंब मिळाव्यात, आणि हे पालकांना त्यांच्या भाषेत लिहून दिले जावे. अनेक गरीब पालकांना अहवालाचा कागदच काय तो माहीत असतो. तो कागद ज्यावरून लिहिला गेला ती वस्तू मागता येते, याची त्यांना कल्पना नसते.

यावर दोन आक्षेप येतील. ज्या जिल्ह्यात कुपोषण आहे, पिण्याच्या पाण्याचे टँकर आहेत, ज्याची गणना २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे साध्या भाषेत मागास, जिल्ह्यांत केली, तेथे इतक्या विरळ रोगाची चैन कशाला? या आक्षेपात करुणा आहे असे वाटते, पण तो मुळात गरिबाच्या मुलाची किंमत कमी धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. हा फरक मुलांच्या शरीरांतला नाही. निदान न होणे, चुकीचे होणे, उशिरा होणे आणि उपचार अर्ध्यावर सुटणे, ही त्यातली प्रमुख कारणे आहेत. शिवाय बरे झालेले मूल पुढे पन्नास-साठ वर्षे जगते व काम करते. खर्च आणि लाभ यांचा ताळेबंदच मांडावयाचा असेल, तर याहून फायद्याची गुंतवणूक विरळा.

दुसरा आक्षेप नव्या तंत्राच्या भक्तांचा. काचपट्टीचे छायाचित्र संगणकावरून क्षणात कोठेही पाठविता येते, यंत्रच निदान करील, मग ही जुनाट धडपड कशाला? यंत्रांचे स्वागतच आहे. पण सडलेल्या तुकड्याचे छायाचित्र कितीही वेगाने पाठविले, तरी ते सडलेल्या तुकड्याचेच असते. दूरनिदानाची सुरुवातही फॉर्मॅलिनच्या बाटलीपाशीच होते.

शेवटी या जिल्ह्याचे एक जुने येणे आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी सर्वांत प्रभावी, हे ठरविण्यासाठी १९९९ पासून याच जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. एका गटाची विषाणूसाठी तपासणी झाली, एका गटाच्या पेशी पापानिकोलाऊ यांच्या पद्धतीने रंगवून पाहण्यात आल्या, एका गटाची व्हिनेगर लावून पाहणी झाली, आणि ३१,४८८ स्त्रियांचा गट तुलनेसाठी नेहमीच्या व्यवस्थेवर सोडण्यात आला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू-तपासणीच्या गटात या रोगाने ३४, तर तुलनेच्या गटात ६४ मृत्यू झाले. या ज्ञानाचा लाभ जगाने घेतला. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे टीकाही झाली. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. पण भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंतच्या शेतकरी-मजूर स्त्रियांनी जगाच्या वैद्यकाला आपली शरीरे पुरावा म्हणून दिली, एवढे निर्विवाद आहे. त्यांच्या नातवंडांच्या गाठीला वेळेवर खरे नाव मिळावे, ही मागणी उपकाराची नव्हे, देण्याच्या परतफेडीची आहे.

१९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या समितीने महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला, तेव्हा आरोग्यसेवा हे त्यातील एक कलम होते. तेव्हापासून मराठवाड्याचा अनुशेष खाटा, इमारती आणि पदे यांत मोजण्याची सवय जडली आहे. खाट हवी, इमारतही हवी. पण त्या खाटेवरच्या मुलाला नेमके काय झाले आहे, हे सांगण्याची क्षमता हाही अनुशेषच आहे, आणि तो अजून कोणी मोजलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरविले की २०३० पर्यंत जगातील कर्करोगग्रस्त मुलांपैकी निदान ६० टक्के जगली पाहिजेत. ती मुदत आता फार दूर नाही. राज्याच्या येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळे शीर्ष असावे, आणि धाराशिवच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात पहिला प्रश्न असा विचारावा: गेल्या वर्षी जिल्ह्यात किती मुलांच्या गाठींचे तुकडे काढले गेले, त्यांपैकी कितींना नाव मिळाले, आणि ते मिळण्यास किती दिवस लागले? या तीन आकड्यांचे उत्तर मागितले गेले, की बाटलीपासून प्रयोगशाळेपर्यंतची बाकीची व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी कोणाला टाळता येणार नाही.